डोकोनोवर चाळीस पानं

साल्टपॉन्ड
गुरुवार, १० मार्च १९४९

माझ्या एबोला आजीचा पोटभर आशीर्वाद.

सगळ्यांत आधी आली ती ताविया. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण शेजारणीला बोलावणं कधी लागतं? मी डोकोनो मडक्यात रचत होते. मक्याच्या पिठाचे उंडे पानात बांधून झाले होते, पहिला थर लागला होता. आणि ही दारातूनच ओरडली, "एजिर्बा, कापड बदल! नाक्यावर मोटार थांबलीय. गोरा उतरलाय आणि तुझंच घर विचारतोय."

मी म्हटलं, "मी काय चोरलंय?"

"चोरलं असतंस तर पोलीस आला असता. याच्या हातात तराजू आहे."

तराजू! मला तर हसूच आलं. आजवर बाजारात माझ्यापुढे कुणी तराजू धरला नाही, आणि हा घरी घेऊन आला.

थांब रे, खुशाली लिहायची राहूनच गेली. मी बरी आहे. उजवा गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्या लग्नापासूनच कुरकुरतोय. काळी शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही माझ्या उशीवर झोपायला बघतात. तुझी मावसबहीण मिस्सी चॅपलच्या गाण्यात आता पुढच्या रांगेत उभी राहते, आवाज मात्र मागच्या रांगेचाच ऐकू येतो. तुझं जानेवारीचं पत्र पोचलं. एकावर एक दोन मोजे घालतोस हे ऐकून जिवाला बरं वाटलं.

आणि हे अक्षर माझ्याच हातचं आहे, ओळखलंस ना? बदामाच्या झाडाखाली बसणाऱ्या पत्रलेखकाकडे गेले असते तर माझं पत्र बोटीत चढायच्या आधी मासळीबाजारात पोचलं असतं. रविवारच्या शाळेत शिकले तेवढी अक्षरं अजून हातात आहेत. एखादं उलटं पडलं असेल तर सुलटं करून घे. आज जे लिहायचं आहे ते दुसऱ्याच्या हातून लिहवून घेण्यासारखं नाही.

तर मंगळवार होता. मंगळवारी समुद्राला सुट्टी, होड्या वाळूवर, म्हणजे गावातले सगळे पुरुष रिकामे, आणि अर्ध्या घटकेत सगळे आपल्या अंगणात. तुझा आमिसा मामा घराण्याचा कर्ता म्हणून निळं कापड खांद्यावर टाकून मधल्या खुर्चीत बसला. त्याचा चेहरा मी बघत होते. त्याला वाटलं, सरकार खाडीकाठच्या आपल्या नारळीच्या जमिनीचं विचारायला आलंय. वीस वर्षं तो दावा चाललाय, शेवटी कुणीतरी स्वतःच्या पायांनी चालत आलं, असं त्याला वाटलं.

गोऱ्या साहेबाचं नाव विन्टल. उंच, नाक उन्हाने भाजलेलं, बोलायच्या आधी प्रत्येक वेळी चष्मा पुसतो. त्याच्याबरोबर अक्राच्या कचेरीतला कारकून, मिस्टर एशुन. तो आपल्या शेजारच्या अनोमाबूचा, म्हणजे आपलाच. साहेब बोलायचा इंग्रजीत आणि एशुन सांगायचा आपल्या भाषेत. साहेबाचं एक वाक्य झालं की एशुनची सात. ताविया माझ्या कानात म्हणाली, "इंग्रजी किती दाबून भरतात गं!"

पाणी दिलं. पिऊन झाल्यावर तळाचे चार थेंब जमिनीवर टाकायचे, पूर्वजांसाठी, हे साहेबाला कुणीतरी शिकवलं होतं. त्याने ते नीट आपल्याच बुटावर टाकले. पोरं फिदीफिदी हसली. मामा हसला नाही.

मग एशुनने दोन हिरव्या चौकोनी बाटल्या उजव्या हाताने पुढे ठेवल्या. चांगली परदेशी दारू, सील न तोडलेली. "पाहुणे रिकाम्या हाताने आलेले नाहीत," म्हणाला.

आता रीत तुला ठाऊक आहे. आधी विचारायचं, इकडे सगळं निवांत आहे, तुमचं येणं कशासाठी? पाहुण्यांनी काम सांगायचं. काम पटलं तर बाटली घ्यायची, नाही पटलं तर परत करायची. मामा विचारणारच होता. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे आमिसा, ऊन चढतंय, वडीलधारे तहानलेत. आधी त्यांना दे, मग बोलत बसा." म्हाताऱ्या आईने चारचौघांत पूर्वजांचं नाव काढल्यावर तो काय बोलणार? उठला, पेला भरला आणि जमिनीवर ओतला. मी चॅपलची बाई, ओततात तेव्हा मी कोंबड्यांकडे बघते. पण कान कुठे मिटता येतात? त्याने एकेकाचं नाव घेतलं, तुझ्या आईचं, माझ्या मान्साचंही घेतलं, आणि म्हणाला, "हे परके आपल्या दारी आलेत. जे मागायला आलेत ते त्यांना मिळो." सगळे म्हणाले, मिळो, मिळो. पेला फिरला. साहेबाला ठसका लागला.

त्यानंतर एशुनने काम सांगितलं.

म्हणाला, हे साहेब म्हणजे सरकारचे नवे आर्थिक सल्लागार. पूर्वी असं कुणी नसायचं, आता लंडनची मोठी कचेरी एकेका वसाहतीला एकेक शिकलेला माणूस नेमून बोटीने पाठवते. काय पिकवावं, काय विकावं, कशाचा भाव का चढला, हे गव्हर्नरला समजावून सांगायचं हे त्यांचं काम.

मामा म्हणाला, "बरं. म्हणजे इतकी वर्षं कुणाला न विचारता कारभार केला, आता विचारायला माणूस ठेवला. तोही स्वतःच्याच घरातून आणला."

एशुनने हे कसं सांगितलं कोण जाणे, साहेब मान डोलवून हसला.

मग एशुन पुढे म्हणाला, साहेबांना आपल्या कचेरीत इथल्या मातीतला एक माणूस हवा. हाताखाली राबायला नको, शेजारच्या खुर्चीत बसायला हवा. आणि साहेबांची मुदत संपली की कदाचित त्याच खुर्चीत. असा आपला माणूस अजून कुठे बसलेला नाही. लंडनला निवड मंडळाने मुलं बघितली, त्यात तुमचा एबो निवडला. पण तो म्हणतो, मामाच्या होकाराशिवाय मी सही करणार नाही. साहेबांना कळेना, पंचवीस वर्षांच्या माणसाला मामा कशाला विचारावा लागतो. म्हणून मी त्यांना घेऊन आलो.

मामा शांतपणे म्हणाला, "काहीतरी चूक होतेय. आमचा एबो वकिलीला आहे."

साहेबाने चष्मा पुसला आणि पिशवीतून तुझी वही काढली. अरे एबो, त्या गोऱ्याच्या हातात तुझी वही! एशुन म्हणाला, "नाही, मामा. एबोने वकिली दीड वर्षापूर्वी सोडली. तो अर्थशास्त्र शिकतोय. हा त्याचाच निबंध. डोकोनोवर."

"कशावर?"

"डोकोनोवर. चाळीस पानं."

मामा म्हणाला, "आम्ही त्याला बोटीत बसवलं ते डोकोनोवर चाळीस पानं लिहायला? दहा तर माझ्या आईनेच सांगितली असती."

एबो, मला तेव्हा रडायला हवं होतं. पण खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कारण साहेब सांगायला लागला तू काय लिहिलंस ते. आधीच्या कुणा साहेबाने लिहून ठेवलं होतं म्हणे, की डोकोनो आठ वर्षांपूर्वी पेनीला एक होता आणि आजही पेनीला एक आहे, म्हणजे इथे महागाई नाही, लोक उगाच ओरडतात. आणि तू लिहिलंस, किंमत बघू नका, उंडा बघा. माझी आजी कधी भाव वाढवत नाही, मका महागला की ती मूठ लहान करते. लंडनच्या मास्तरांनी ते वाचून याच्याकडे धाडलं, आणि हा तराजू घेऊन आला माझी मूठ मोजायला!

मग मोजली. मी मडक्यातले पाच उंडे काढून दिले, पानं सोडून. तो विचारतो, लढाईच्या आधी केवढा करायचात? मी माझी मूठ दाखवली. आणि मधल्या वर्षांत? तेव्हा मी तावियाच्या सुनेची दाखवली. आणि आता? मी तिच्या कडेवरच्या पोराची मूठ धरून दाखवली. सगळं अंगण हसलं, साहेब मात्र हसला नाही. त्याने तिन्ही मुठी वहीत काढल्या. मागल्या वर्षी आम्ही सगळ्या बायकांनी विलायती दुकानांतलं कापड घ्यायचं बंद केलं होतं तेव्हाचंही विचारलं. मी म्हटलं, तेव्हा एवढे ओरडलो, कुणी ऐकलं नाही. माझ्या मुठीला विचारलं असतं तर आधीच कळलं असतं. एशुनने हे शब्दाला शब्द सांगितलं असावं, कारण साहेबाने मान खाली घातली.

मामा या सगळ्यात एक अक्षर बोलला नाही. उंडे मोजून झाल्यावर त्याने जमिनीवरच्या ओल्या डागाकडे बघितलं. ओतून झालं होतं. जे मागतील ते मिळो, असं त्याच्याच तोंडून निघालं होतं, त्याच्या बहिणीचं नाव घेऊन. सील तुटलेली बाटली आता परत करता येत नव्हती.

आता मला ते लिहायचं आहे ज्याच्यासाठी मी पत्रलेखकाकडे गेले नाही.

मी वर लिहिलं, आधी आली ती ताविया. तसं नाही. आधी आला तो एशुन. रविवारी, चॅपल सुटल्यावर, सायकलवरून, एकटा. त्याने मला सगळं सांगितलं आणि विचारलं, "आजी, मंगळवारी मामा नाही म्हणाले तर?" मी म्हटलं, काम आधी सांगितलंस तर नाहीच म्हणेल. बाटली आधी ठेव. पुढचं माझ्यावर सोड. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचा खिसा कापलाय. पण त्याने ऐकलं.

आणि तू वकिली सोडल्याचं मला ऑक्टोबरपासून ठाऊक होतं. तू मला एकटीलाच लिहिलंस, मामाला सवडीने सांगतो म्हणालास. ती सवड अजून आली नाही. तुझं बारीक अक्षर मला दिसत नाही, म्हणून मिस्सीने पत्र वाचून दाखवलं आणि मी तिच्याकडून शपथ घेतली. तेव्हापासून मामा दर रविवारी जेवायला आला की विचारायचा, "एबो कोर्टाचं काही लिहितो का?" आणि मी म्हणायची, "वाचतोय बिचारा, डोळे जातील एक दिवस." हे खोटं नव्हतं, तू वाचतच होतास. पण मी त्याच्या ताटात मासा वाढत हे म्हणायची, आणि तो विश्वासाने खायचा. माझाच मुलगा तो.

तू समजू नकोस की त्याला नुसता वकील मिरवायचा होता. तू लहान होतास, तुला कुणी सांगितलं नाही. कोर्टात आपल्या जमिनीचा दावा निघाला तेव्हा समोरच्यांचा वकील सकाळभर इंग्रजीत बोलला. मग आमिसा उभा राहिला. त्याला फक्त सांगायचं होतं की ही झाडं माझ्या आजीने लावली, प्रत्येक झाड मी ओळखतो. चार वाक्यं. त्याला सांगितलं, वकिलामार्फत बोला, खाली बसा. तो बसला. घरी आला आणि त्या दिवशी तुला मांडीवर घेऊन म्हणाला, "हा उभा राहील. याला कुणी बस म्हणणार नाही." त्या दिवसापासून तुझी शाळा त्याने केली. आणि मी त्यालाच, घराण्याच्याच अंगणात, सगळ्या गावासमोर, पुन्हा गप्प बसवलं. हे मला मंगळवारी दुपारपर्यंत कळलं नव्हतं. तुझ्यासाठी केलं म्हणून आनंदात होते. आनंदात अजूनही आहे, त्याचीच लाज वाटते.

मामा शेवटी बोलला तो साहेबाशी. म्हणाला, "मी एकच विचारतो. तुम्ही गव्हर्नरला सल्ला दिलात आणि त्याने नाही ऐकला, तर?"

साहेब म्हणाला, "मी पुन्हा लिहितो."

"तरी नाही ऐकला तर?"

साहेबाने चष्मा पुसला. मग म्हणाला, "मग मी राजीनामा देऊन घरी जाईन."

मामा म्हणाला, "तुम्हाला जायला घर आहे, समुद्रापलीकडे. एबोचं घर हे. ज्यांचं काही ऐकलं गेलं नाही त्यांच्यातच त्याला रोज राहायचंय. बाजारात त्याची आजी बसते. बायका तिला विचारतील, तुझ्या नातवाने काय सांगितलं गं सरकारला? तेव्हा तो कुठे जाईल?"

एशुनने हे सांगताना सात वाक्यं केली नाहीत. एकच केलं.

साहेब म्हणाला, "मला याचं उत्तर माहीत नाही."

तेव्हा पहिल्यांदा मामाने त्याच्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, सरकारच्या माणसाच्या तोंडून त्याने हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मग ते उठले. एशुनने रीतीप्रमाणे वाट मागितली, "आम्हाला वाट द्या, आम्ही निघतो." आणि एबो, माझा जीव तिथे थांबला. कारण वाट देणं घराण्याच्या कर्त्याचं काम, त्यात मी काही करू शकत नव्हते, पूर्वजांचं नावही घेऊ शकत नव्हते. पूर्ण वाट दिली तर जा, पुन्हा या दारात येऊ नका. पूर्वज प्यालेत म्हणून हा नाही म्हणू शकत नाही, पण पूर्ण वाट देऊन तो तुला कायमचा सरकारच्या हवाली करू शकत होता. घेऊन जा, आमचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझ्याकडे त्याने बघितलंच नाही. खांद्यावरचं कापड सारखं केलं. शेळीचं पिल्लू साहेबाच्या बुटाची नाडी चघळत होतं, तेही कुणी हाकललं नाही.

मग तो म्हणाला, "अर्धी वाट देतो. उरलेली अर्धी परत येण्यासाठी ठेवा."

तावियाने माझा दंड इतका दाबला की अजून दुखतोय.

"पण पुढच्या वेळी बाटली आणू नका," तो म्हणाला. "एबोला आणा. मागणं त्याच्या तोंडून ऐकेन. तो इथे उभा राहून बोलेल, आणि कुणी त्याला बस म्हणणार नाही. मीसुद्धा नाही. मग माझं उत्तर देईन."

साहेबाने खिशातलं छोटं पंचांग काढलं, बोटींच्या तारखा बघितल्या आणि दिवस ठरला.

मोटार गेल्यावर अंगण रिकामं झालं. मामा मला म्हणाला, "आई, बाटली आधी का आली?"

मी म्हटलं, "साहेबलोकांना रीत कुठे कळते?"

तो म्हणाला, "एशुन साहेब नाही. अनोमाबूचा आहे." आणि गेला. कालही आला नाही, आजही नाही. मिस्सीच्या हाती डोकोनो आणि मासा पाठवला, तो खाल्ला, भांडं धुऊन परत पाठवलं. धुऊन पाठवलं म्हणजे बोलणं अगदीच संपलेलं नाही, असं ताविया म्हणते. रविवारी मी त्याच्याकडे जाणार आहे आणि खरं सांगणार आहे. तो ओरडेल. ओरडू दे, चूक माझीच आहे.

तू मात्र हे पत्र वाचताच त्याला पत्र लिही. माझ्याकडून नको, एशुनकडून नको, तुझ्या हाताने. वकिली का सोडलीस ते लिही. चाळीस पानं नको, त्याला कोर्टात चार वाक्यं हवी होती, तेवढीच लिही. आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर बोटीवर शोधत ये. गव्हर्नरने नाही ऐकलं तर तू कुठे जाशील? मलाही ते ऐकायचंय. मी बाजारात बसते, बायका मलाच विचारतील.

दिवस लिहून ठेव, विसरू नकोस. तू मंगळवारी जन्मलास म्हणून मामाने मंगळवारच मागून घेतला, मला सांगितलं नाही, पण मी ऐकलं. होड्या वाळूवर असतील, सगळं गाव अंगणात असेल, आणि मी कापड बदलून बसलेली असेन.

माझ्या मुठीएवढा जीव तुझ्यात ठेवून,
तुझी आजी एजिर्बा

ते तुला घेऊन येणार आहेत जुलैच्या सव्वीस तारखेला, मंगळवारी, ऊन चढायच्या आत.